नो-हिटर मोडणारा माणूस

मी डोंबिवलीची. आमच्याकडे क्रिकेट सोडून बाकी कशाला खेळ म्हणायची पद्धत नाही. तरी माझ्या नशिबी काय आलं, तर सिडनीच्या पश्चिमेला एका बेसबॉलच्या ग्राउंडवर रविवारी हॉट चिप्स आणि खिमा भरलेले मीट पाय विकणं! लेक सावनी तिथल्या क्लबात सॉफ्टबॉल खेळते. क्लबनं पालकांना कॅन्टीनच्या ड्युट्या वाटल्या तेव्हा मी मीटिंगमध्ये जरा जास्त बोलले. जो बोलेल त्याच्या गळ्यात काम, हा नियम डोंबिवलीत आहे तसा ऑस्ट्रेलियातही आहे.

त्याच ग्राउंडवर उन्हाळ्यात प्रोफेशनल लीगच्या मॅचेस होतात, आणि तिथल्या टीमकडे उल्हास फिरके कामाला होता. कॅन्टीनच्या मागच्या सावलीत उलट्या बादलीवर बसायचा आणि नवे कोरे बॉल एकेक करून चिखलानं चोळायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस कामातून गेलाय. पांढरेशुभ्र बॉल, आणि हा डब्यातला चिखल बोटावर घेऊन, थुंकीऐवजी पाणी लावून, प्रेमानं मळवतोय. विचारलं तर म्हणाला, "नवा बॉल फार गुळगुळीत असतो ताई. पिचरच्या हातातून सटकतो. डोक्याला लागला तर बॅटरचा जीव जाईल. म्हणून प्रत्येक मॅचच्या आधी चोळावे लागतात." खानदेशी हेल ऐकला आणि मी म्हटलं, "अरे, तू भुसावळचा की काय?" तर निघाला भुसावळचाच.

सोमवार ते शुक्रवार उल्हास वेस्टमीडला हॉस्पिटलात वॉर्ड्समन. पेशंटला ट्रॉलीवरून एक्स-रेला न्यायचं, ऑपरेशनला न्यायचं, परत आणायचं. आला होता मास्टर्स करायला. मग टॅक्सी झाली, वेअरहाऊस झालं, कायम राहण्याची पीआर मिळाली आणि हॉस्पिटलात चिकटला तो चिकटलाच. इंजिनिअरिंगचं काय झालं विचारलं तर म्हणायचा, "ट्रॉलीला पण चाकं असतात ना ताई, तेवढं इंजिनिअरिंग पुरे." पण बेसबॉल त्याच्या रक्तात. कॉलेजात पिचर होता, युनिव्हर्सिटीकडून खेळलेला. आता खांदा गेला, म्हणून निदान बॉल तरी हाताला लागावा एवढ्यासाठी हे वीकेंडचं काम.

बाकीचं मला चित्रलेखानं सांगितलं. चित्रलेखा आमच्या मराठी ग्रुपमधली. राहते स्कोफिल्ड्सला, उल्हासच्या घरापासून दोन घरं सोडून. उल्हासची बायको सुरुची फेब्रुवारीत भुसावळला वडिलांच्या आजारपणासाठी गेली, मार्चमध्ये बॉर्डर बंद झाली. ती तिकडे, हा इकडे. ऑगस्टमध्ये तिला कोविड झाला आणि आठवड्यात सगळं आटोपलं. उल्हासनं ते सगळं फोनवर पाहिलं. नवं चार बेडरूमचं घर आहे त्याचं. तीन खोल्यांना पडदे आहेत, चौथीला नाहीत, कारण त्या खोलीचं कापड सुरुची येताना आणणार होती.

"पण तू त्याच्याजवळ तो विषय काढू नकोस हं," चित्रलेखा म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. कोणीच काढत नाही. उगाच खपली कशाला काढायची?"

मी म्हटलं, बरं बाई. नव्यानं ग्रुपमध्ये आलेल्या बाईनं जुन्यांचे नियम मोडू नयेत, एवढी अक्कल मला आहे.

संक्रांतीनंतरचा तो रविवार होता. वर्ष २०२१. उन्हानं डोकं फुटायची पाळी. दुपारची मॅच, अर्ध्या खुर्च्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या, माणसं विखरून बसलेली, आणि मी मास्क घालून तळणीसमोर उभी. काय सांगू हाल! मॅचच्या आधी उल्हास पाण्याची बाटली भरायला खिडकीशी आला. मी कागदात गुंडाळलेला तिळगूळ त्याच्यापुढे केला.

"घे. गोड बोल."

त्यानं लाडू घेतला नाही. मग म्हणाला, "चित्रलेखा वहिनींनी पण ठेवला तिळगूळ. दारात. पिशवी कडीला अडकवली, बेल वाजवली आणि मी दार उघडेपर्यंत गाडीत. गाडीतून हात केला."

"कोविडमुळे असेल रे. आणि तुझं यंदा सणाचं नाही, म्हणूनही असेल."

"असेल. हॉस्पिटलात काम करतो म्हटल्यावर लोक घाबरणारच." त्यानं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "पण ताई, गोड बोला म्हणायचा सण, आणि न बोलता पळायचं? तुम्हाला पण सांगितलंय ना, विषय काढू नका म्हणून?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "हो," म्हटलं, "सांगितलंय."

"सगळ्यांना सांगितलंय. मी कोणाला सांगा म्हटलं नव्हतं." आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं वाटलं असतं. "ऑगस्टपासून तिचं नाव माझ्यासमोर कोणी घेतलेलं नाही. फोन करतात. जेवण बनवतोस का, शिफ्ट कशा चालल्यात, झोप लागते का. मी वाट बघतो, आता विचारतील. फोन ठेवतात."

मी तळणीचा झारा खाली ठेवला आणि तोंड उघडलं, तोच तिकडून अंपायरनं हाक मारली. मॅच सुरू होत होती. उल्हास बॉलची बादली उचलून पळाला. माझ्या हातात लाडू तसाच राहिला. एवढा संताप आला म्हणून सांगू! चित्रलेखाचा, त्या अंपायरचा, सगळ्यांचाच.

आता मॅचचं सांगते. मला त्यातलं फार कळत नाही, पण त्या दिवशी कळायला फार काही नव्हतंच, कारण काही घडतच नव्हतं. दोन्हीकडचे पिचर असे काही टाकत होते की बॅटर येत होते, बॉल मागे बसलेल्या कॅचरच्या हातात जात होता आणि ते नुसती बॅट फिरवून माघारी जात होते. आमचा पिचर ब्रोडी. क्वीन्सलंडच्या बंडाबर्गचा, चोविशीतला उंच, पिंगट दाढीचा पोरगा. त्यांच्याकडे सिडनीच्या लोकांना बंदी, म्हणून ख्रिसमसलाही बिचारा घरी गेला नव्हता, मोटेलवर राहत होता. पलीकडचा पिचरही तसाच तिखट. बेसबॉलची मॅच नऊ इनिंगची. सहाव्या इनिंगला त्याची एकदाच नजर चुकली, आमचा एक रनर तिन्ही बेसचे टप्पे धावून कसाबसा परत पोचला आणि स्कोअर झाला एक-शून्य. बास. तेवढंच.

कॅन्टीनची खिडकी आमच्या डगआऊटच्या अगदी बाजूला, म्हणजे खेळाडू बसतात त्या छपराखालच्या बाकाच्या. मला सगळं दिसतं. सातव्या इनिंगच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की त्या बाकावर काहीतरी चुकतंय. ब्रोडी एका टोकाला बसलेला, डोक्यावर टॉवेल. बाकीची सगळी टीम दुसऱ्या टोकाला दाटीवाटीनं. डिस्टन्सिंग गेलं खड्ड्यात, पण त्याच्याजवळ कोणी फिरकत नव्हतं. त्याच्याकडे बघतही नव्हतं. पाण्याची बाटलीसुद्धा लांबून ठेवून गेले.

"काय गं, भांडले की काय त्याच्याशी?" मी मदतीला उभ्या असलेल्या सावनीला विचारलं. "चांगला तर टाकतोय. अजून एकही—"

सावनीनं झडप घालून माझं तोंड दाबलं, मास्कवरूनच. "मम! डोन्ट से इट!"

मग कानात कुजबुजून तिनं सांगितलं. समोरच्या टीमला आख्ख्या मॅचमध्ये एकही हिट, म्हणजे मारून बेसवर पोचता येईल असा फटका, मिळाला नाही, तर त्याला नो-हिटर म्हणतात. पिचरच्या आयुष्यात एखाद्या वेळी होतो, बहुतेकांच्या होतच नाही. आणि तो होत असला की त्याबद्दल कोणी अक्षर काढायचं नाही. पिचरशी तर बोलायचंच नाही. त्याला एकटं सोडायचं. "इट्स रिस्पेक्ट, मम."

म्हणजे दृष्ट. आमच्याकडे पोटुशी बाईचं पाचव्या महिन्यापर्यंत सांगत नाहीत, तसलंच. मला हसू आलं. मग मी त्या पोराकडे पुन्हा पाहिलं आणि हसू गेलं. टॉवेलखाली तो गुडघे हलवत होता. मान वर करून बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे एकदा बघितलं त्यानं, आणि सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. कोणाला वाईट वाटू नये म्हणून सगळे किती जपत होते!

आणि तेव्हा उल्हास उठला.

बादलीजवळच्या आपल्या कोपऱ्यातून उठला, पिशवीतून डबा काढला आणि सरळ ब्रोडीच्या शेजारी जाऊन बसला. मांडीला मांडी लावून नाही, हातभर अंतर ठेवून, पण शेजारी. डब्यातून फॉइलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढून त्याच्यापुढे धरलं. हॉस्पिटलातली सवय, एकेक वेगळं गुंडाळलेलं. गुळाची दशमी होती. हे मला ठाऊक, कारण त्याच्या डब्यात दर रविवारी तीच असायची, जराशी करपलेली.

"हॅव यू ईटन, मेट?" त्यानं विचारलं. जेवलास का बाबा!

आख्खं डगआऊट थिजलं. एकाच्या हातातून हेल्मेट पडलं. ब्रोडीनं टॉवेल बाजूला केला आणि भूत बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं. उल्हास शांतपणे म्हणाला, "अजून एक पण हिट दिला नाहीस तू. सात इनिंग झाल्या. पोटात खड्डा पडला असेल."

"ओ माय गॉड," सावनी म्हणाली. "ही सेड इट."

कोच लांबून ओरडायला लागला. पण ब्रोडी? ब्रोडी हसला. त्यानं फॉइल सोडलं, दशमीचा तुकडा तोडला, खाल्ला, काहीतरी विचारलं. उल्हासनं उत्तर दिलं. आमचे बॅटर बाद होईपर्यंत दोघं बोलत बसले. काय बोलले मला ऐकू आलं नाही, मधे कोच बोंबलत होता ना.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. आठवी इनिंग, पहिलाच बॅटर, दुसराच बॉल. ठण्ण! बॉल दोन फिल्डरांच्या मधून गवतात. हिट. नो-हिटर गेला. मैदानावर असा काही उसासा उमटला की झाडावरचे कोकाटू पोपट उडाले. आणि मग आमच्या टीमनं, फिल्डवरच्या आणि बाकावरच्या सगळ्यांनी, उल्हासकडे बघितलं. दुपारभर ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं त्याच्याकडे आता सगळेच बघत होते. तो बादलीवर बसून पुढचा बॉल पुसत होता. कान मात्र लाल झाले होते.

त्यानंतरच्या बॅटरला ब्रोडीनं चार वाइड टाकले, तोही बेसवर गेला. आता एक चांगला फटका आणि मॅच हातची जाणार. कोच तरातरा मधे गेला, बॉल मागायला. ब्रोडीनं मान हलवली. बॉल दिला नाही. कोच परतला तो उल्हासकडे असा बघत, की मॅच गेली तर त्याची नोकरी गेलीच. माझ्यासमोर दोघं गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना म्हटलं, थांबा हो दोन मिनिटं, चिप्स कुठे पळून जात नाहीत.

ब्रोडीनं पुढच्याला तीन बॉलमध्ये गारद केलं. त्याच्या पुढच्यालाही. तिसऱ्यानं बॉल जमिनीवर मारला, सोपा आउट. नवव्या इनिंगला तर तो दगडासारखा उभा होता, आले तसे तिघं गेले. एक-शून्य. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्या पोरानं टाकलं आणि जिंकलं. सगळे त्याच्या पाठीवर थापा मारायला धावले, मग आठवलं म्हणून कोपरं टेकवली.

कोच मात्र उल्हासकडे गेला. "वीस वर्षं झाली मला या खेळात," तो म्हणाला, अर्थात इंग्रजीत, आणि मधले काही शब्द मी इथे लिहीत नाही. "नो-हिटर चालू असताना पिचरजवळ जाऊन बसणारा माणूस मी आजपर्यंत पाहिलेला नाही!"

मला राहवलं नाही. हातात चिमटा तसाच, मी कॅन्टीनमधून बाहेर पडले. म्हटलं, आता ह्याला डोंबिवली दाखवते. पण मी पोचायच्या आत उल्हासच बोलला.

"मी पाहिलाय," तो म्हणाला. "माझ्याच बाबतीत झालंय."

ब्रोडी गर्दीतून बाहेर आला होता. "कधी?" त्यानं विचारलं. दशमीचा उरलेला तुकडा अजून हातात.

"अमरावतीला. युनिव्हर्सिटीच्या मॅचेस होत्या. माझा पण नो-हिटर चालू होता. सरांनी सगळ्यांना दम दिलेला, कोणी त्याच्याशी बोलायचं नाही. मी एकटा बसलेलो, मला वाटत होतं मी मरतोय. मुलींच्या टीमची एक कॅचर होती, ती सरळ आली आणि शेजारी बसली. दशमी हातात दिली. म्हणाली, अरे, एक पण हिट दिला नाहीस अजून तू, भूक नाही लागली का? सर बॅट घेऊन तिच्या मागे धावले."

"मग?"

"मग पुढच्याच बॅटरनं हिट मारला."

ब्रोडी खो खो हसला. कोचसुद्धा, नाही नाही म्हणत, हसला. "हू वॉज शी?" ब्रोडीनं विचारलं.

"माय वाइफ."

"ब्रिलियंट. व्हॉट्स हर नेम?"

उल्हासनं तोंड उघडलं आणि आवाज निघेना. ऑगस्टपासून कोणी ते नाव घेतलं नाही, हे तो मला म्हणाला होता. पण त्यानं स्वतःही घेतलं नसावं, हे मला तेव्हा कळलं. त्या एवढ्या मोठ्या घरात तो हाक मारणार कोणाला? मग मी माझ्या पद्धतीनं केलं. लांबूनच ओरडले, "अरे सांग ना! आडनावासकट सांग त्याला!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग ब्रोडीकडे.

"सुरुची," तो म्हणाला. आणि एकदा म्हटल्यावर थांबेना. "सुरुची उल्हास फिरके. माहेरची भंगाळे. कॅचर. राहणार भुसावळ."

"इज शी हिअर? आय वॉना शेक हर हँड."

कोचला ठाऊक असावं. त्यानं नजर पायाशी नेली. मी पुढे झाले, सावरून घ्यावं म्हणून, पण उल्हासनं हात करून मला थांबवलं.

"नाही," तो म्हणाला. "ती ऑगस्टमध्ये गेली. कोविडनं. तिकडेच. मला जाता आलं नाही. वॉर्डात एकटी होती. मी इथे रोज पेशंट नेतो, लिफ्टमध्ये प्रत्येकाशी बोलतो, आज पाऊस आहे, आज ऊन आहे, काहीतरी बोलतो. तिच्याशी तिथे कोणी बोललं असेल का, ते मला माहीत नाही. सगळे म्हणाले असतील, आराम करू द्या तिला." त्यानं हाताला लागलेला चिखल पँटला पुसला. "आज तुला तसं बसलेलं बघवलं नाही. तुझा नो-हिटर गेला. सॉरी."

ब्रोडीनं कॅप काढली. सॉरी म्हणाला नाही, देव तिच्या आत्म्याला वगैरे काही म्हणाला नाही. जाऊन त्याच टोकाला बाकावर बसला आणि सरकून शेजारी जागा केली.

"सिट डाऊन, मेट," म्हणाला. "कॅचर कशी होती ती?"

उल्हास बसला. "बडबडी," तो म्हणाला. "बॉल हातातून सुटेपर्यंत बडबड चालू. बॅटरला वेड लागायचं..."

मी परत कॅन्टीनमध्ये गेले. चिप्स जळून कोळसा झाल्या होत्या. तळणी बंद केली, शटर ओढलं, आणि बाहेर पायरीवर बसले. मास्क डोळ्यांपर्यंत ओढता येतो, हे एक त्या रोगाचं बरं होतं. टीमचे लोक गाड्यांकडे निघाले, उन्हं कलली, ग्राउंडवर पाण्याचे फवारे सुरू झाले. ग्राउंडला कुलूप लावायची चावी माझ्याकडे होती.

सावनी बॅग घेऊन आली. "मम, कॅन वी गो?"

"बस गं जरा," मी म्हटलं. "तो बोलतोय."